दुसऱ्या क्रमांकावर दहावा खेळाडू: बेसबॉल ड्राफ्टमधल्या निवडी तज्ज्ञांच्या यादीशी कशा ताडून पाहायच्या

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये (एमएलबी) संघ दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. १० जून २०२० ला बॉल्टिमोर ओरिओल्सची ड्राफ्टमधली पाळी दुसरी होती. त्यांनी आर्कान्सा विद्यापीठाचा आउटफील्डर हेस्टन कर्स्टाड घेतला. एमएलबी पाइपलाइन या संकेतस्थळाच्या तज्ज्ञांनी ड्राफ्टआधी केलेल्या खेळाडूंच्या क्रमवार यादीत तो दहावा होता. त्याच यादीत दुसरा असलेला व्हँडरबिल्टचा ऑस्टिन मार्टिन समोर उपलब्ध होता, तरी ओरिओल्सनं त्याला सोडलं. शेवटी टोरोंटो ब्लू जेजनं मार्टिनला पाचव्या क्रमांकावर उचललं.

अशा वेळी पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: दहामधून दोन वजा करा, संघानं आठ जागांचं नुकसान करून घेतलं म्हणा, आणि प्रगतिपुस्तकात 'क' श्रेणी लिहा. अनेक ठिकाणी ड्राफ्टचं मूल्यमापन अजूनही असंच होतं. ही वजाबाकी चुकीची का आहे आणि तिच्या जागी काय करायचं, हे ओरिओल्सच्या त्याच वर्षाच्या सहा निवडी घेऊन पाहू. २०२० मध्ये कोविडमुळे ड्राफ्ट फक्त पाच फेऱ्यांचा होता (२०२१ पासून तो २० फेऱ्यांचा आहे), त्यामुळे सगळा हिशोब एका कागदावर मावतो.

लिलाव नव्हे, पाळी

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकानं एक फरक आधी लक्षात घ्यावा. लिलावात एका खेळाडूवर पाच संघ बोली लावतात आणि किंमत सगळ्यांसमोर ठरते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. तीस संघ ठरलेल्या क्रमानं एकेक नाव घेतात. ज्यानं नाव घेतलं, त्याच संघाला त्या खेळाडूशी कराराची बोलणी करता येतात. आदल्या मोसमात जो संघ जास्त हरला त्याची पाळी साधारण लवकर येते. २०२३ पासून पहिल्या सहा जागा चिठ्ठ्या काढून ठरतात.

ड्राफ्टमध्ये येणारी मुलं अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोमधली असतात. काही नुकतीच हायस्कूल संपवलेली, काही चार वर्षांच्या कॉलेजात तीन वर्षं खेळलेली किंवा २१ वर्षांची झालेली, तर काही दोन वर्षांच्या कॉलेजातली. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलामधले खेळाडू या दारानं येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे.

निवड झाली म्हणजे करार झाला असं नाही. अठरा वर्षांचा मुलगा 'एवढ्या पैशांत नको, मी कॉलेजला जातो' असं सांगून उठून जाऊ शकतो. विद्यापीठाची जागा आणि शिष्यवृत्ती हातात असल्यानं तो ताठ राहतो. याउलट कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या खेळाडूकडे परत जायला जागाच नसते. संघ त्याला दहा-वीस हजार डॉलरमध्येही सही करायला लावतात.

म्हणजे खेळाडूची गुणवत्ता आणि त्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तज्ज्ञांची यादी बव्हंशी पहिली मोजते. संघाला दोन्ही मोजाव्या लागतात.

स्लॉट आणि पूल

२०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक जागेला लीगनं एक रक्कम नेमून दिली आहे. तिला स्लॉट म्हणतात. सही करताना खेळाडूला मिळणारी रक्कम म्हणजे बोनस, आणि एका संघाच्या सगळ्या जागांच्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्या संघाचा बोनस पूल. एखाद्या जागेवर स्लॉटपेक्षा कमी-जास्त दिलेलं चालतं, एकूण बेरीज मात्र पूलच्या आत बसवावी लागते. पाच टक्क्यांपर्यंत पूल ओलांडला तर वरच्या रकमेवर ७५ टक्के दंड भरावा लागतो. त्याच्या पुढे गेलं तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते. ही दुसरी रेषा आजवर एकाही संघानं ओलांडलेली नाही. पाच टक्क्यांच्या आतला दंड मात्र बरेच संघ दरवर्षी आनंदानं भरतात. दहाव्या फेरीनंतरच्या खेळाडूला सध्या दीड लाख डॉलरपर्यंत दिलेले पूलमध्ये धरत नाहीत, त्यावरची रक्कम धरतात.

आणखी एक नियम पुष्कळांच्या नजरेतून सुटतो: बेसबॉलमध्ये ड्राफ्टच्या बहुतेक जागा संघांना आपसात विकता किंवा बदलता येत नाहीत. बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलमध्ये दुसरी जागा देऊन आठवी आणि चाळिसावी घेता येते. इथं ते दार बंद आहे. म्हणून संघ तोच सौदा पैशांतून करतात. वरच्या जागेवर जरा स्वस्त खेळाडू घ्यायचा, वाचलेले पैसे खाली नेऊन ताठ बसलेल्या हायस्कूलच्या मुलाला द्यायचे. जागा विकली जात नाही, तिच्यातली रक्कम खाली सरकते.

या युक्तीचा पहिला मोठा नमुना त्याच वर्षी, २०१२ मध्ये, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनं दाखवला. पहिल्या जागेचा स्लॉट ७२ लाख डॉलर होता. त्यांनी कार्लोस कोरियाला घेतलं आणि ४८ लाखांत करार केला. वाचलेले २४ लाख खालच्या स्लॉटमध्ये घालून ४१व्या जागेवर लान्स मॅकलर्सला २५ लाख आणि चौथ्या फेरीत रिओ रुईझला साडेअठरा लाख दिले. कोरिया २०१५ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. रुईझचं फारसं काही झालं नाही. पण मॅकलर्स ४१व्या जागेपर्यंत आला होता तो गुणवत्तेमुळे नव्हे, किमतीमुळे. आणि ती किंमत ह्यूस्टनला परवडली, कारण कोरिया स्वस्तात मिळाला होता.

यादी म्हणजे नक्की काय

बेसबॉल अमेरिका ५०० नावांची यादी काढतं, एमएलबी पाइपलाइन २५० नावांची. फॅनग्राफ्स, ईएसपीएन आणि द अ‍ॅथलेटिकवर कीथ लॉ यांच्याही स्वतंत्र याद्या असतात. हे लोक शेकडो सामने पाहतात, पण त्यांच्या माहितीचा मोठा भाग संघांच्याच स्काउटांशी (खेळाडू हेरणाऱ्यांशी) बोलून येतो. प्रत्येक कौशल्याला २० ते ८० च्या मापावर गुण देतात आणि ५० म्हणजे मोठ्या लीगमधला, म्हणजे एमएलबीमधला, सरासरी खेळाडू. फलंदाजाची बॅट, ताकद, धाव, हात आणि क्षेत्ररक्षण. पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) प्रत्येक चेंडू आणि त्यावरचा ताबा. यांतून एक एकत्रित अंदाज आणि त्यावरून क्रमांक.

यादी करणाऱ्यांकडे साधारण तीन गोष्टी नसतात: वैद्यकीय अहवाल, खेळाडूनं त्या-त्या संघाला आतून सांगितलेली किंमत, आणि संघानं स्वतःच्या उपकरणांनी गोळा केलेला चेंडू-बॅटचा डेटा. यादी आणि निवड यांत मोठं अंतर दिसलं की या तिन्हींपैकी काय कारण असेल, हा पहिला प्रश्न. 'संघाला अक्कल नाही' हा शेवटचा.

ताडून पाहण्यासाठी याद्या घेताना काही पथ्यं पाळावी लागतात.

ड्राफ्टच्या आधीची शेवटची आवृत्ती घ्या आणि तीच धरून बसा. ड्राफ्टनंतर अद्ययावत केलेली यादी वापरली तर संघांच्या निवडींचा रंग तिच्यावर चढलेला असतो. एखाद्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं की पुढच्या यादीत तो आपोआप वर सरकतो, मग संघ बरोबरच ठरणार.

मॉक ड्राफ्ट म्हणजे यादी नव्हे. कोणता संघ कोणाला घेईल याचा तो अंदाज असतो, किंमत आणि अफवा त्यात आधीच मिसळलेल्या असतात. कोण किती चांगला, हे यादी सांगते. दोन्हींची गल्लत सर्रास होते.

एकच यादी पुरत नाही. तीन-चार घ्या आणि सरासरीऐवजी मधला आकडा काढा. समजा एक मुलगा चार याद्यांत ४०, ५५, ६० आणि ११० वर आहे. सरासरी ६६ येते, कारण एकट्या ११० नं ती ओढली. मधला आकडा ५७-५८ येतो. त्याशिवाय ४० ते ११० हा पसरटपणाही नोंदवून ठेवा. चारही याद्या ५५ ते ६० म्हणत असतील आणि संघानं २० वर घेतला, तर ते खरं धाडस. याद्यांचंच एकमत नसेल तर संघानं फक्त एका तज्ज्ञाची बाजू घेतली, एवढंच.

यादीत नाव नसलं तर त्याला शून्य समजू नका. २५० च्या यादीत नसणं म्हणजे '२५० नंतर कुठेतरी'. शंभराच्या यादीत नसणं तर काहीच सांगत नाही.

ओरिओल्सचा कागद

आता सहा निवडी. प्रत्येक ओळीत जागा, नाव, स्लॉट आणि प्रत्यक्ष दिलेला बोनस, डॉलरमध्ये.

२: हेस्टन कर्स्टाड. स्लॉट ७७,८९,९००. बोनस ५२,००,०००.
३०: जॉर्डन वेस्टबर्ग. स्लॉट २३,६५,५००. बोनस तेवढाच.
३९: हडसन हॅस्किन. स्लॉट १९,०६,८००. बोनस तेवढाच.
७४: अँथनी सर्व्हिडिओ. स्लॉट ८,४४,२००. बोनस ९,५०,०००.
१०३: कोबी मेयो. स्लॉट ५,६५,६००. बोनस १७,५०,०००.
१३३: कार्टर बॉमलर. स्लॉट ४,२२,३००. बोनस १५,००,०००.

स्लॉटची बेरीज १,३८,९४,३००, बोनसची १,३६,७२,३००. पूलमधले जवळपास सगळे पैसे खर्च झाले, आणि तेही दंड न भरता. यादीत नावं बघण्याआधी हीच तपासणी करायची असते. एखाद्या संघानं वर पैसे वाचवले आणि खाली वापरलेच नाहीत, तर ती बचत ड्राफ्टच्या दृष्टीनं वाया गेलेली आहे, कारण पूल पुढच्या वर्षावर टाकता येत नाही.

आता कर्स्टाडचा हिशोब. यादीतला क्रमांक सरळ वजा न करता त्याला किमतीत बदलायचं, आणि त्यासाठी तोच स्लॉटचा तक्ता वापरायचा. यादीत दहावा म्हणजे दहाव्या जागेच्या किमतीचा. २०२० मध्ये दहाव्या जागेचा स्लॉट ४७,३९,९०० होता. दुसऱ्या जागेच्या ७७,८९,९०० मधून तो वजा केला की बरोबर ३०,५०,००० उरतात. यादीवर विश्वास ठेवला तर दुसऱ्या जागेवर दहावा खेळाडू घेण्याची 'किंमत' साडेतीस लाख डॉलर.

पण ओरिओल्सनं त्याला दुसऱ्या जागेचे पैसे दिले नाहीत. २५,८९,९०० वाचवले. म्हणजे यादीच्याच मापानं खरी तूट ४,६०,१०० ची. आठ जागांचं नुकसान म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, ते प्रत्यक्षात साडेचार-पाच लाख डॉलरचं, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या फेरीतल्या एका निवडीएवढं अंतर होतं.

वाचलेले पैसे कुठे गेले तेही कागदावर दिसतं. मेयोला स्लॉटपेक्षा ११,८४,४०० जास्त, बॉमलरला १०,७७,७०० जास्त, सर्व्हिडिओला १,०५,८०० जास्त. मेयो आणि बॉमलर दोघंही हायस्कूलचे, दोघांकडे कॉलेजची जागा तयार. मेयोला मिळालेली रक्कम चाळिशीच्या सुरुवातीच्या जागेची आणि बॉमलरची पन्नाशीच्या आसपासची. त्यामुळे 'चौथ्या फेरीचा मेयो' असं लिहिणं कागदोपत्री बरोबर असलं तरी दिशाभूल करणारं आहे. बाजारानं त्याला दुसऱ्या फेरीचा भाव दिला होता.

उलट बाजूही तपासायला हवी: मार्टिनला घेतलं असतं तर? ब्लू जेजनं त्याला पाचव्या जागेवर ७०,००,८२५ दिले, स्लॉटपेक्षा आठ लाखांहून जास्त. दुसऱ्या जागेवर तो त्याहून स्वस्तात आला असता असं मानायला काही आधार नाही. तेवढ्यातच आला असता असं धरलं, तरी ओरिओल्सकडे तिथं आठ लाखांहून कमीच उरले असते. मेयो आणि बॉमलर दोघांना मिळून वरचे साडेबावीस लाख लागले. म्हणजे निवड 'मार्टिन की कर्स्टाड' अशी नव्हतीच. ती 'मार्टिन, की कर्स्टाड अधिक मेयो अधिक बॉमलर' अशी होती. टीका करायची तर या जोडीवर करा.

अंतर सगळीकडे सारखं नसतं

स्लॉटचा तक्ता वापरण्याचं दुसरं कारण म्हणजे त्याचा उतार. दुसऱ्या जागेवरून दहाव्यावर येताना आठ जागांत साडेतीस लाख घसरतात. चौऱ्याहत्तरवरून एकशे तेहेतीसवर येताना एकोणसाठ जागांत घसरतात फक्त ४,२१,९००. त्यामुळे 'यादीपेक्षा साठ जागा वर घेतला' हे वाक्य तिसऱ्या फेरीत ऐकलं तर खांदे उडवावेत. पहिल्या दहांत पाच जागांचा फरकही खूप असतो. साध्या वजाबाकीत हे दोन्ही एकाच रांगेत बसतात आणि खालच्या फेऱ्यांतले मोठमोठे आकडे वरच्या खऱ्या चुकांना झाकून टाकतात.

स्लॉटचा उतार म्हणजे निसर्गनियम नव्हे, लीगनं ठरवलेला तक्ता आहे हे खरं. पण ढोबळ काम त्यावर चांगलं भागतं, आणि मुख्य म्हणजे संघ याच चलनात व्यवहार करतात.

जिथं यादीच्या मापानं सौदा खरंच वाईट दिसतो

वरचं गणित पाहून 'म्हणजे सगळ्या धाडसी निवडी बरोबरच' असा समज होऊ नये. त्याच २०२० मध्ये बॉस्टन रेड सॉक्सनं सतराव्या जागेवर कॅलिफोर्नियातला हायस्कूलचा सेकंड बेसमन निक यॉर्क घेतला. पाइपलाइनच्या यादीत तो १३९वा होता. स्लॉट ३६,०९,७००, बोनस २७ लाख, बचत ९,०९,७००. ती बचत तिसऱ्या फेरीत ८९व्या जागेवर ब्लेझ जॉर्डनकडे गेली: स्लॉट ६,६७,९००, बोनस साडेसतरा लाख.

आराखडा ओरिओल्सचाच. आकडे मात्र वेगळं सांगतात. १३९व्या जागेची किंमत चार लाखांच्या आसपास. सतराव्या जागेपासून तिथपर्यंतचं अंतर सुमारे बत्तीस लाख, आणि परत मिळवले फक्त नऊ लाख. जॉर्डन यादीत बराच वर होता हे धरूनही भोक बुजत नाही, कारण त्याला जवळपास त्याच्या यादीतल्या जागेचाच भाव द्यावा लागला. दुसऱ्या फेरीची निवड रेड सॉक्सकडे नव्हतीच. चिन्हचोरीच्या (प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून वाचण्याच्या) चौकशीनंतर लीगनं ती काढून घेतली होती. म्हणजे यादी खरी मानली तर हा सौदा स्पष्टपणे महाग होता.

मग संघानं तो का केला? कारण त्यांच्या मते यादी चुकली होती. त्या वर्षीचा वसंतातला हायस्कूल मोसम कोविडमुळे अर्ध्यावर थांबला, बाहेरच्या तज्ज्ञांना पुरेसं पाहताच आलं नाही. इथं ताडून पाहण्याचा खरा उपयोग होतो. कर्स्टाडच्या बाबतीत संघ आणि यादी यांच्यात फारसा वाद नव्हता, फक्त पैशांची मांडणी वेगळी होती. यॉर्कच्या बाबतीत गुणवत्तेवरच थेट मतभेद होता. पहिल्या प्रकारातून संघाचा हिशोबीपणा कळतो, दुसऱ्यातून त्याची नजर. प्रगतिपुस्तकात या दोन गोष्टींना वेगवेगळे रकाने हवेत.

२०२१ मध्ये यॉर्कनं मायनर लीगमध्ये (मोठ्या लीगखालच्या, खेळाडू तयार करणाऱ्या स्पर्धांत) धडाक्यात फलंदाजी केली आणि पुढच्या हंगामाआधी तो टॉप शंभरच्या याद्यांत पोचला. मग वेग मंदावला. जुलै २०२४ मध्ये रेड सॉक्सनं त्याला पिचर क्विन प्रीस्टरच्या बदल्यात पिट्सबर्गला दिलं. १३९ हा आकडा चुकीचा होता हे नक्की. सतरावा बरोबर होता का, यावर अजून भांडता येईल.

जे कागदावर दिसत नाही

२०२१ च्या ड्राफ्टमध्ये व्हँडरबिल्टचा पिचर कुमार रॉकर याद्यांत वरच्या खेळाडूंपैकी होता. न्यू यॉर्क मेट्सला तो दहाव्या जागेवर मिळाला तेव्हा सगळीकडे 'लॉटरी लागली' असा सूर होता. रॉकरची आई भारतीय वंशाची आहे, त्यामुळे भारतीय माध्यमांतही त्याचं नाव आलं. मग संघानं वैद्यकीय तपासणी केली आणि करारच दिला नाही. यादी पाहून दिलेली 'अ' श्रेणी तीन आठवड्यांत कोरी झाली.

म्हणून श्रेणी देण्याआधी सहीची मुदत संपू द्या. आणि एक सही फिसकटली की नुकसान तेवढ्यावर थांबत नाही, कारण पहिल्या दहा फेऱ्यांतल्या खेळाडूनं सही केली नाही तर त्या जागेचा स्लॉट पूलमधून गायब होतो. २०१४ मध्ये ह्यूस्टननं पहिल्या जागेवर ब्रेडी एकन घेतला. तपासणीत कोपराचा प्रश्न निघाला, बोलणी तुटली. त्या जागेचे सुमारे ७९ लाख पूलमधून गेले आणि पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सशी ठरलेला पंधरा लाखांचा सौदाही कोसळला, कारण ते पैसे एकनच्या बचतीतून यायचे होते. वरच्या फेऱ्यांत सही झाली नाही तर पुढच्या वर्षी एक जागा खालची भरपाई मिळते. २०१५ मध्ये ह्यूस्टनला अशी दुसरी जागा मिळाली आणि त्यांनी अ‍ॅलेक्स ब्रेगमन घेतला. त्यामुळे २०१४ चं प्रगतिपुस्तक २०१५ शिवाय पुरं होत नाही.

रॉकरची गोष्टही पुढे गेली. २०२२ मध्ये टेक्सस रेंजर्सनं त्याला तिसऱ्या जागेवर घेतलं. तेव्हा त्याचं यादीतलं स्थान बरंच खाली गेलं होतं, म्हणून पुन्हा ओरड झाली. तिसऱ्या जागेचा स्लॉट ७५,८७,६००, करार ५२ लाखांचा. कोरी सीगर आणि मार्कस सेमियन यांना मोठ्या करारांवर घेतल्यामुळे रेंजर्सनं दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या निवडी गमावल्या होत्या. वाचलेले पैसे चौथ्या फेरीत ब्रॉक पोर्टर या हायस्कूल पिचरकडे गेले, ३७ लाख. निवडी कमी असतील तेव्हा वरच्या जागेतून पैसे सोडवून घेण्याची गरज जास्तच असते. म्हणून संघाकडे त्या वर्षी एकूण किती जागा आणि किती मोठा पूल होता, हे कागदाच्या अगदी वरच्या ओळीत लिहा. छोट्या पूलच्या संघाची मोठ्या पूलच्या संघाशी तुलना निरर्थक आहे.

पैसा खाली कसा सरकतो याचं उघड उदाहरण पिट्सबर्ग पायरट्सच्या २०२१ च्या निवडींत आहे. पहिल्या जागेवर कॅचर हेन्री डेव्हिस, स्लॉट ८४,१५,३००, बोनस ६५ लाख. पाइपलाइनच्या यादीत पहिला असलेला मार्सेलो मेयर चौथ्या जागेवर बॉस्टनकडे गेला. पायरट्सनं ३७व्या जागेवर अँथनी सोलोमेटोला २७,९७,५०० आणि ७२व्या जागेवर बबा चँडलरला तब्बल ३० लाख दिले. त्या ७२व्या जागेचा स्लॉट होता ८,७०,७००. फक्त पहिल्या जागेची तुलना करणारा डेव्हिस आणि मेयर यांच्यातच अडकतो. चँडलरनं ऑगस्ट २०२५ मध्ये पायरट्सकडून पदार्पण केलं, आणि त्या ड्राफ्टची चर्चा आता त्याच्याभोवती जास्त होते.

आठव्या ते दहाव्या फेरीत अनोळखी नावं दिसली की लोक नाकं मुरडतात. तिथं बहुतेकदा शेवटच्या वर्षातले कॉलेज खेळाडू असतात. दीड-दोन लाखांच्या स्लॉटवर नाममात्र रक्कम घेऊन सही करण्यासाठीच त्यांना निवडलेलं असतं. ती पैसे वाचवण्याची सोय असते. यादीशी त्यांची तुलना करून सरासरी काढली तर त्या वर्षीच्या सगळ्या निवडींचा आकडा उगाच बिघडतो, म्हणून त्यांना वेगळं काढा. आणि यादीत साठावा असलेला हायस्कूलचा मुलगा कोणीच घेतला नाही, तर सगळ्यांच्या नजरेतून सुटला असं समजू नका. त्याची किंमत कुणाला झेपली नाही.

निकाल कधी आणि कोणाशी

पहिला टप्पा सहीच्या मुदतीनंतर: कोण आला, किती पैसे गेले, पूल पुरता वापरला का. दुसरा दोन-तीन वर्षांनी: खेळाडू मायनर लीगच्या कोणत्या पातळीवर आहे आणि तिथल्या सरासरी वयापेक्षा लहान आहे की मोठा. बावीसाव्या वर्षी डबल-ए (मायनर लीगची वरून दुसरी पातळी) खेळणारा आणि पंचविसाव्या वर्षी तिथंच अडकलेला, दोघांचे आकडे सारखे असले तरी अर्थ सारखा नाही. तिसरा टप्पा पाच-सहा वर्षांनी, मोठ्या लीगमधल्या कामगिरीवर. हायस्कूलच्या पिचरला त्याहूनही वेळ द्यावा लागतो.

ओरिओल्सच्या कागदाकडे आज पाहिलं तर कर्स्टाडला ड्राफ्टनंतर हृदयाच्या स्नायूंची सूज झाली, तो २०२२ पर्यंत एकही अधिकृत सामना खेळू शकला नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला. हे कोणत्याही यादीत किंवा अहवालात आधी दिसणारं नव्हतं. तिसाव्या जागेचा वेस्टबर्ग २०२४ मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. मेयोनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पदार्पण केलं. आणि मार्टिन? ब्लू जेजनं त्याला जुलै २०२१ मध्ये पिचर होजे बेरिओसच्या सौद्यात मिनेसोटाला दिलं; तो २०२४ मध्ये मोठ्या लीगमध्ये पोचला, उपयुक्त पण साधारण खेळाडू म्हणून. पाइपलाइनच्या त्याच यादीतला तिसरा, पिचर आसा लेसी, दुखापती आणि चेंडूवरचा ताबा सुटल्यानं मागेच राहिला.

एका संघाच्या एका वर्षावरून नजरेचा निवाडा करू नये, हे यातून उघड आहे. वीस निवडींतले दोन-तीन खेळाडू सगळा निकाल फिरवतात. एकच निवड समिती असलेली किमान चार-पाच वर्षं एकत्र घ्या.

तुलना कोणाशी करायची, हे ठरवताना सर्वांत जास्त फसगत होते. नंतर जो मोठा झाला त्याच्याशी तुलना केली तर सगळेच संघ मूर्ख ठरतात. अल्बर्ट पुजोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२व्या जागेवर गेला. मूकी बेट्स २०११ मध्ये पाचव्या फेरीत. स्पेन्सर स्ट्रायडर २०२० मध्ये १२६वा, म्हणजे ओरिओल्सनं मेयोनंतर आणि बॉमलरच्या आधी त्याला हातातून जाऊ दिलं. इतर सगळ्यांनीही तेच केलं होतं. योग्य तुलना त्या दिवशी यादीत त्याच पट्ट्यात असलेल्या, त्याच भावात मिळणाऱ्या दहा-बारा खेळाडूंच्या मधल्या निकालाशी करायची: पाचवा ते पंधरावा क्रमांक, किंवा चाळीस ते साठ. आपल्या निवडीनं त्या पट्ट्यातल्या मधल्या खेळाडूपेक्षा जास्त दिलं का, एवढंच विचारायचं.

२००९ मध्ये माइक ट्राउट पंचविसाव्या जागेवर एंजल्सना मिळाला, आणि 'चोवीस वेळा त्याला सोडलं' हे तेव्हापासून सांगितलं जातं. चोविसावी जागाही एंजल्सचीच होती. तिथं त्यांनी रँडल ग्रिचुक हा हायस्कूलचा आउटफील्डर घेतला. ग्रिचुक पुढे मोठ्या लीगमध्ये दहाहून जास्त हंगाम खेळला, आणि त्या पट्ट्यातल्या मधल्या खेळाडूशी लावून पाहिली तर ती निवड चांगलीच ठरते.